कानबाई झाली, आता भांडा आक्का

आक्का,

मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. तुम्ही गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येक बाईनं मला हेच ऐकवलं. "शोभा, माणूसच गेलं, आता मनात काही ठेवू नको." मी मान हलवली, सगळ्यांना चहा दिला आणि मनात होतं ते जसंच्या तसं ठेवलं. का नाही ठेवायचं? आपलं भांडण काय वाटीभर साखरेवरून होतं? माझ्या पोरीच्या अंगावरून होतं. ते अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात, हे मला मुळीच पटलेलं नाही.

लोक विचारतात, तुला सासू होती का? मी सांगते, सासू नव्हती, नणंद होती, म्हणजे दोन्ही आलं. लग्न होऊन मी सुरतला आले तेव्हा नवागामच्या या खोलीत तुम्ही आधीपासून होतात. नवरा गेल्यावर सासरच्यांनी दारातूनच परत पाठवलेल्या, धाकट्या भावाच्या संसारात येऊन बसलेल्या. बसलेल्या कसल्या, उभ्याच असायच्या. पहिल्या दिवशी मी पोळी लाटली तर म्हणालात, "हाई पोळी शे का नकाशा?" तिथून जे आपलं सुरू झालं ते गेल्या महिन्यापर्यंत थांबलं नाही.

दुपार आपली असायची. जेवणं उरकली की दारातल्या ओट्यावर मजुरीनं आणलेल्या साड्यांचा गठ्ठा सोडायचा. एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला मी, मधे साडी ताणलेली, आणि मागचे लोंबणारे धागे कात्रीनं कापत जायचं. धागाकटिंगला हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. त्या मोकळ्या तोंडानं आपण दोन पोरं वाढवली, वैष्णवी आणि हर्षल. जन्म मी दिला, हक्क तुम्ही सांगितलात. मी म्हणायचे, "आक्का, माझी पोर आहे, मला ठरवू द्या." तुम्ही मान वर न करता म्हणायच्या, "मनी बी शे." झालं, तुमचीही आहे. मी पुढचा धागा कापायचे.

पोरं लहान होती तोवर ठीक चाललं होतं. वैष्णवी आठवीत गेली आणि घरात कोणीतरी परकंच राहायला आलं. आपल्या घराला आतलं दार नाही. एक खोली, एक स्वयंपाकघर, वर माळा. राग आल्यावर आपटायला दार नाही म्हणून बाईसाहेब कपाट आपटायच्या. आतली भांडी वाजायची, शेजारच्या बेन विचारायच्या, "शुं थयुं?" मैत्रिणींशी फडाफडा गुजराती, आणि मी तोंड उघडलं की, "मम्मी, तू रेवा दे ने." राहू दे म्हणे. तोंडावर मुरमं आली तर आरशासमोरून हलेना. जेवायला बस म्हटलं की भूक नाही, वेफरचं पाकीट मात्र माळ्यावर सापडायचं. मी चिडून चिडून अर्धी झाले. तुम्ही एकदाच म्हणालात, "रडू दे, वरडू दे, पन उपाशी झोपू देऊ नको. पोट भरेल माणूस सकायले बोलस." ते मात्र खरं निघालं. अजूनही ती रुसली की मी काही बोलत नाही, ताट वाढून माळ्याच्या शिडीपाशी ठेवते. सकाळी ताट रिकामं असतं आणि ती बोलायला लागते.

हर्षलची गोष्टही तुमच्या बाजूनं सांगते, कारण खोटं बोलायची मला सवय नाही. नववीत होता. क्लासवरून यायचा तो तोंडात बडीशेप. मला वाटलं, पोरगं शहाणं झालं, बाहेरचं अरबट-चरबट सोडून बडीशेप खातंय. तुम्ही त्याला जवळ बोलावलंत, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालात, "आ कर." बडीशेपेच्या मागून माव्याचा वास आला. आपल्या गल्लीत मावा म्हणजे काय, प्रत्येक टपरीवर सुपारी-तंबाखू पन्नीत घासून तयार, पोरं शाळेच्या दप्तरात घेऊन फिरतात. मी सरळ लाटणं उचललं. तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलंत, पोळपाटावर ठेवलंत आणि त्याला घेऊन पायरीवर जाऊन बसलात.

तोही काही कमी नाही. म्हणाला, "आत्या, तू पण तर मशेरी लावतेस." मी आतून ऐकत होते. म्हटलं, आता फुटला फटाका. जन्मभर तुम्ही सकाळ-संध्याकाळ डबी उघडून दातांना ती काळी तंबाखू घासत आलेल्या, गावात दहा बायकांमध्ये बसून घासलेली, त्यात लाज कसली असा तुमचा रुबाब. आता या टिंगूला झापणार असं मला वाटलं. तुम्ही कमरेची डबी काढलीत आणि त्याच्या हातात दिलीत. "तू सोड, मी बी सोडस."

अगं बाई, पुढचे ते दिवस! दोघांनी मिळून घर डोक्यावर घेतलंत. त्याचं डोकं दुखायचं, तुमचं पोट साफ व्हायचं नाही. तो माझ्यावर खेकसायचा, तुम्ही आमटीत मीठ नाही म्हणून ताट सरकवायच्या. दोघांच्या खिशात फुटाणे. तुमच्या दातांना ते फुटत नव्हते, तरी चघळत बसायच्या. तो शाळेतून आला की तुम्ही म्हणायच्या, "आ कर." मग तो म्हणायचा, "आता तू कर." माझा नवरा म्हणायचा, हे घर आहे का दातांचा दवाखाना? मधेच एकदा कोणाच्या तरी हळदीत तो घसरला. ते त्यानं मला नाही सांगितलं, तुम्हाला येऊन सांगितलं. तेव्हा मला मिरच्या झोंबल्या होत्या. आता कळतं की पोराला घरात एक माणूस असं लागतं ज्याला चूक सांगता येते. त्याला लाटण्यानं मारून मला ते माणूस होता आलं नसतं.

म्हणून तुम्हाला न्यायच्या दिवशी काय झालं ते सांगते. तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. माझ्या मोठ्या जाऊबाई दिंडोलीहून आल्या, रडल्या, आणि पदराखालून मशेरीची नवी डबी काढून तुमच्या हाताशी ठेवली. आवडती वस्तू बरोबर दिली की जीव घुटमळत नाही म्हणे. सगळ्यांनी माना डोलावल्या. हर्षल गर्दीतून पुढे आला, वाकला, डबी उचलली आणि जाऊबाईंच्या हातात परत दिली. म्हणाला, "आत्यानं सोडली होती." बस, एवढंच बोलला आणि बाजूला जाऊन उभा राहिला. माझं पंधरा वर्षांचं पोरगं त्या क्षणी मला घरातलं सगळ्यात मोठं माणूस वाटलं. ते तुमचं काम आहे. त्यासाठी मी तुमच्या पाया पडते, मनापासून पडते.

पण वैष्णवीचं तसं नाही. तिच्या बाबतीत तुम्ही चुकत होतात आणि मी ते तुमच्या तोंडावर सांगितलं होतं, आताही सांगते.

शेजारच्या बेन दर श्रावणात विचारतात, "आ कानबाई एटले शुं?" मी सांगते, आमच्या खानदेशची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी वाजतगाजत तापीवर जाते. नारळाला नथ घालतात, साडी नेसवतात. आदल्या दिवशी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू-डाळ मोजून घेतात आणि त्याचे रोट करतात. ते रोट कुळातल्या माणसांनीच खायचे. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही, टाकायचे नाहीत, पुनवेच्या आत संपवायचे. बेन म्हणतात, बहु कडक छे. कडक तर आहेच. आणि त्या कडकपणाची राखण तुमच्याकडे होती. कानबाई आपल्या खोलीत बसायची ती तुमच्यामुळे. सगळे भाऊबंद यायचे तुमच्या भरवशावर. नावं तुम्ही घ्यायच्या, मूठ तुमचा भाऊ भरायचा.

वैष्णवीची पाळी सुरू झाली त्याच वर्षी कानबाईच्या आधी तुम्ही मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणलीत. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. गल्लीतल्या सगळ्याच बायका घेतात, चिठ्ठी कोण विचारतं? मी म्हटलं, "आक्का, तेरा-चौदा वर्षांची पोर आहे, तिचं अंग अजून बसलेलं नाही, कशाला छेडता?" तुम्ही म्हणालात, "मंग काय तिले भाईर बसाडू?" तुमचा भाऊ म्हणाला, आक्का सांगते तसं कर. झालं. घरात एकीकडे भाऊ-बहीण आणि दुसरीकडे मी असले की निकाल आधीच लागलेला असायचा.

मग कानबाई झाली, नवरात्र आलं, कोणाची पूजा आली, कोणाचं लग्न आलं. गोळी अशी झाली जशी घरात हळद-मीठ. पुढे पोरगी परीक्षेसाठीही स्वतःच मागायला लागली. आणि गेल्या वर्षी कानबाईनंतर तिची पाळी आली ती थांबेचना. पोर पांढरी फटक. शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली, बाईंचा फोन आला, आपण दोघी रिक्षानं धावलो. पर्वत पाटियाच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि मला विचारलं, "ही खाते काय?" रक्त तपासलं तर फारच कमी. त्या म्हणाल्या, रक्त आधीपासून कमी असणार, त्यात हे झालं. गोळी वाईट नसते, कधी आम्हीही देतो, पण तपासून, कारण असेल तर. दर सणाला दुकानातून आणून पोरीला द्यायची वस्तू नाही ही.

बाहेर आल्यावर मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "दखं? वेफर खाई खाई रगत आटी गयं." मला हसावं का रडावं कळेना! डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यातलं तुम्हाला हवं तेवढंच ऐकू आलं होतं. बरं, ऐकलं ते पाळलंत मात्र शिस्तीनं. लोहाची गोळी चहाबरोबर द्यायची नाही म्हटल्यावर तुम्ही तिच्या हातातून चहाचा कप काढून घ्यायच्या, लिंबूपाणी घेऊन समोर उभ्या राहायच्या, घोट गिळल्याशिवाय हलायच्या नाहीत. नाचणी, गूळ-शेंगदाणे, मेथी, बाजरीची भाकर. पोरगी नाक मुरडायची, तुम्ही तिचं नाक धरायच्या. तिच्या गालांवर रंग परत आला तो तुमच्या हातानं. पण दुसऱ्या गोळीचं नाव काढलं की गप्प.

एकदाच बोललात. साडी ताणून बसलो होतो. म्हणालात, तुम्ही तिच्याएवढ्या असताना गावी कानबाई बसली आणि तुमची नेमकी पाळी आली. तुम्हाला गोठ्याच्या पडवीत बसवलं. घरात सगळा गाव, फुगड्या, गाणी, आणि तुम्ही म्हशीशेजारी. सोमवारी वाजंत्री निघाली तेव्हा कुडाच्या फटीतून पाहिलं तर नुसते लोकांचे पाय दिसले. "आमना येळले कोठे गोळी व्हती?" असं म्हणालात आणि कात्री चालवायला लागलात. म्हणजे तुमच्या मते तुम्ही वैष्णवीला वाचवत होतात. तिला पडवीत बसावं लागू नये म्हणून. माझे डोळे भरले होते, आक्का. पण मी म्हटलं, "पडवीत बसवणारं माणूस बदला ना, पोरीचं अंग कशाला बदलता? आता बसवणारे आपणच आहोत. आणि कानबाई कोण आहे? नथ घातलेली बाईच ना? तिला काय पाळी म्हणजे नवीन आहे?"

तुम्ही दोन्ही कानांना हात लावलेत. मी आणखी एक बोलले, जे बरेच दिवस पोटात होतं. मी या घरात बाहेरून आलेली, मला रोट चालतो. तुम्ही इथं जन्मलेल्या, तुम्हाला चालत नाही, कारण तुम्हाला दुसऱ्या कुळात देऊन टाकलं, ज्यांनी तुम्हाला ठेवूनही घेतलं नाही. दरवर्षी सगळे रोट तुम्ही लाटायच्या, तव्यावर तुम्ही शेकायच्या, आणि आम्ही जेवायला बसलो की तुम्ही चुलीशी बसून कालची भाकर चहात बुडवून खायच्या. "तुम्हाला राग येत नाही का आक्का?" तुम्ही कात्री खाली ठेवलीत. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. तुम्ही म्हणालात, "कानबाई व्हई जाऊ दे. मंग भांड."

आषाढ चालू होता. त्याच आठवड्यात एका दुपारी चहा ठेव म्हणालात, आणि मी कप घेऊन येईपर्यंत साडीचं तुमच्याकडचं टोक खाली पडलेलं होतं.

तुमच्या सासरचा कोणी पुतण्या आला. त्यानं तुम्हाला एकदाही पाहिलेलं नव्हतं. अग्नी त्यानं दिला, कारण तुम्ही त्यांच्या कुळाच्या. आम्हाला सूतक तीन दिवसांचं. तीन दिवस, आक्का! ज्या बाईनं या घरातला प्रत्येक ताप, प्रत्येक रुसवा, प्रत्येक परीक्षा काढली तिच्यासाठी तीन दिवस. जाऊबाई म्हणाल्या, बरं झालं, म्हणजे कानबाईला अडचण नाही.

आणि कानबाईच्या आधीच्या बुधवारी त्याच जाऊबाई पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून माझ्यासमोर ठेवतात. "वैष्णवीची तारीख जवळ आली असेल. आजपासून चालू कर. आक्का असत्या तर त्यांनी आणून ठेवलीच असती. त्यांची इच्छा समज." तुमचा भाऊ शेजारी बसलेला. तो म्हणाला, "आक्काचं मन राख, शोभा. यंदा भांडण नको."

मग मात्र माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "वा! सूतक धरायचं तेव्हा आक्का परक्या कुळाच्या, आणि गोळी द्यायची तेव्हा आक्कांचा शब्द घरचा? एक काय ते ठरवा." जाऊबाई म्हणाल्या, देवीचं काम आहे, विटाळात रोट लाटले तर कुळाला लागेल. मी म्हटलं, "गेल्या वर्षी पोरीचं रक्त गेलं तेव्हा कुळातलं कोण आलं होतं दवाखान्यात? आक्का आल्या होत्या. परक्या कुळाच्या." आवाज इतका चढला की बेन ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या.

तेवढ्यात माळ्यावरून वैष्णवी उतरली. मला वाटलं, पोर माझ्या बाजूनं बोलणार. कसलं काय! ती माझ्यावरच फिरली. "मम्मी, दे ना गोळी, कोण ही झिगझिग ऐकणार?" आणि मग तिचा बांध फुटला. "आत्या म्हणायची घे, तू म्हणतेस नको घेऊ, ही मोटी मम्मी म्हणते घे. पोट माझं आहे ना? इतकी वर्षं तुम्ही सगळ्या माझ्या पोटावरून भांडताय, मला एकीनं तरी विचारलं?"

कपाटसुद्धा वाजलं नाही. खरं सांगते आक्का, त्या पोरीनं तुमच्या-माझ्या दोघींच्या एकदमच कानाखाली लावली. मी खाली बसले. म्हटलं, "बरं, विचारते. तुला काय करायचंय?"

ती जरा वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिली. मग म्हणाली, "मला रोट लाटायचेत. आत्यानं मला शिकवलंय, दुसऱ्या कोणाला येत पण नाहीत तसे. डेट आली तर आली. गोळी मला नको, मला भीती वाटते तिची. पण विटाळ म्हणून मी बेनकडे जाऊन बसणार नाही." आणि बापाकडे पाहून, "पप्पा, तुम्हाला चालत नसेल तर आता सांगा." तुमच्या भावानं पट्टी उचलून वहिनीच्या पर्समध्ये परत ठेवली. तुमच्याविरुद्ध जाताना मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. की तुमच्या बाजूनं जाताना? मला अजून ठरवता येत नाही.

शनिवारी सकाळी पाळी आलीच. यायचीच होती, ती काय आपल्याला विचारून येते? वैष्णवीनं लपवलं नाही. न्हाऊन आली आणि गव्हाच्या परातीशी जिथं तुम्ही बसायच्या तिथं बसली. भाऊबंद जमलेले. जाऊबाईंचा चेहरा आंबट. नावं घ्यायला तुम्ही नाहीत म्हटल्यावर सगळे एकमेकांकडे बघत राहिले, तर हिनं घ्यायला सुरुवात केली, तुमच्यासारखीच, आधी थोरले मग धाकटे. एकेक नाव, एकेक सव्वा मूठ. शेवटी हर्षल झाला. तुमचा भाऊ हात झटकून उठणार तेवढ्यात ती म्हणाली, "वैष्णवी." त्यानं तिच्याकडे पाहिलं. हर्षल म्हणाला, "भरा ना पप्पा." त्यानं भरली. आणि मग ती म्हणाली, "आत्या."

आक्का, तुमच्या भावाचा हात गव्हात तसाच राहिला. तीन दिवसांच्या सुतकात न रडलेला माणूस तिथं सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. मग त्यानं मूठ भरली. सव्वा कसली, सांडेस्तोवर भरली.

जाऊबाई उठल्या. मेलेल्या बाईची मूठ, तीही पाळीच्या पोरीनं मागितलेली, असला रोट आमच्या घशाखाली उतरायचा नाही म्हणाल्या. नवरा, पोरं, सगळ्यांना घेऊन गेल्या. मी अडवलं नाही. दारातून ओरडून एवढंच म्हटलं, "तुमच्या नावाचे गहू राहिलेत परातीत, कानबाई विचारेल." रविवारी वैष्णवीनं रोट लाटले. मधे कंबर दुखली तेव्हा पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून बसली, पुन्हा उठली, पुन्हा लाटले. गोल, पातळ, कुठे फाटला नाही. नकाशा नव्हता, आक्का. सोमवारी देवी तापीवर गेली, वैष्णवी पुढे नाचली, आणि कुळाला काय लागायचं ते लागलं म्हणजे हर्षलला तेवढी पडशाची शिंक लागली.

आता गंमत ऐका. भाऊबंद रुसून गेले, पण त्यांच्या नावाचे रोट इथंच. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, पुनवेच्या आत संपवायचे. नियम तो नियम, मी तोडलेला नाही. म्हणून आम्ही चौघं खातोय. सकाळी रोट, दुपारी रोट, दुधात रोट, गुळवणीत रोट. तुमचा भाऊ कडोदऱ्याला कारखान्यात डब्यात रोटच नेतो आणि कोपऱ्यात एकटा खातो, शेजारच्या यंत्रावरच्याला देता येत नाही म्हणून. हर्षल म्हणतो, यापेक्षा मावा सोडणं सोपं होतं. आणि जिला भूक नसायची ती वैष्णवी, बघा तरी, सगळ्यांपेक्षा जास्त खाते.

तुमच्या नावाचा रोट तिनं वेगळा झाकून ठेवला होता. आज दुपारी काढला. चुलीशी जिथं बसून तुम्ही कालची भाकर खायच्या तिथं पाट मांडला, पाटासमोर ताट, ताटात रोट आणि खीर. मग तिनं तो मोडला, एक तुकडा तुमच्या ताटात ठेवला, बाकीचा चौघांना दिला आणि पहिला घास स्वतः खाल्ला. म्हणाली, "आत्या, तू मला गोळ्या दिल्या, मी तुला रोट दिला. फिट्टंफाट."

पोरांचं ठीक आहे, ती अशी लवकर फिट्टंफाट करून मोकळी होतात. मी करणार नाही. माझा प्रश्न तसाच आहे. राग येत नव्हता का तुम्हाला? मी आता हे लिहितेय, समोर साड्यांचा गठ्ठा सोडलाय, माझ्याकडचं टोक माझ्या मांडीवर आहे. कानबाई झाली, आक्का. तुम्हीच म्हणाला होतात. आता या, तुमचा घास खा आणि भांडा.